न सुजलेलं मनगट

माझ्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न झालं ते साल २०४१. वैशाखातली तिथी होती. सकाळी मांडवात नवरदेव पाटावर बसला होता, अंगाला हळद लागली होती, आणि मागच्या परसातल्या पेटीतली एक सातेरी माशी त्याच्या मानेवर येऊन बसली. त्यानं हातानं झटकली. ती चावली.

आमच्या कारवट गावात माशी चावणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. घरोघरी मधाच्या पेट्या. पोरं चालायला शिकतात तेव्हापासून चावे खातात. मी हसून म्हणालो, "पाव्हणं, घरच्यांच्या आधी आमच्या माशीनंच तुम्हाला ओळखलं."

पाव्हणे हसले नाहीत. पाच मिनिटांत त्यांचे ओठ सुजले. हळदीखाली अंगभर गांधी उठल्या. श्वासाला शिट्टी लागली आणि ते पाटावरून आडवे झाले. उपकेंद्रातली नर्स लग्नाला आली होती, ती तशीच साडी सावरत धावली आणि मांडीत इंजेक्शन दिलं. मग त्यांना दवाखान्यात नेऊन आणलं. दुपारच्या अक्षता दिवस मावळताना पडल्या. नवरदेव खुर्चीत बसून बोहल्यावर.

सुयोग त्यांचं नाव. आईवडील लहानपणीच गेलेले, कराडला मामांकडे वाढलेले, सोलर पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचे. ऋतुजा आमची एकुलती एक, आणि तिच्या हाताखाली चाळीस पेट्या. म्हणून जावयांनी आमच्याकडे राहायचं असं आधीच ठरलं होतं. हळदीनंतर मला वाटलं आता मोडतंय. पण दवाखान्यातून येताना सुयोग मला म्हणाले, "मामा, पेट्या ओढ्यापलीकडं न्या फक्त. मी घरात राहीन." मी चाळीस पेट्या ओढ्यापलीकडं नेल्या. तीन रात्री लागल्या, कारण माश्या आत बसल्याशिवाय पेटी हलवता येत नाही.

गावानं बोलायचं ते बोललंच. माझा चुलतभाऊ दत्तू पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "कोंडीराम, जावई आणलास, पर त्याच्यापायी माश्या गावाभाईर घातल्यास. आता कड्यावर कोन उतरनार? तितं पंप बसवतोस का काय?"

कड्याचं सांगायला हवं. गावाच्या वर ताकमाळाचा कडा आहे. त्याच्या पोटाला दरवर्षी आग्या माश्यांची पोळी लागतात, दाराएवढी. जांभळाचा आणि हिरड्याचा फुलोरा सरला की वैशाखात ती काढायची. ज्या घराचा माणूस उतरतो, त्या घराचा कडा. लागोपाठ तीन वैशाख घरातलं कोणी उतरलं नाही, तर कडा भावकीत दुसऱ्याकडं जातो. आमच्याकडे तो पाच पिढ्या होता. उतरणाऱ्याचा दोर रक्ताच्या माणसानं धरायचा नाही, असा आमचा रिवाज. भाऊ भावाचा दोर वाटणीसाठी सोडेल, असं जुनी माणसं म्हणायची. दोर सासऱ्यानं धरायचा, नाहीतर बायकोच्या भावानं. आपल्या लेकीचं कुंकू आपल्या हातानं कोण पुसेल, हा त्यातला विचार.

माझा दोर माझ्या मेहुण्यानं एकतीस वर्षं धरला. २०४२ च्या पावसाळ्यात माझा गुडघा गेला. २०४३ ला कोणी उतरलं नाही.

ऋतुजा तेव्हाच म्हणाली होती, "आबा, मी उतरते. मला माश्या नवीन न्हाईत."

"तुझा दोर कोन धरनार? सासरा न्हाई, मेव्हना न्हाई."

"हे धरतील."

"नवऱ्यानं बायकोचा दोर धरलेला मी ऐकला न्हाई."

"मग आता ऐका."

मी ऐकलं नाही. तिच्या आईनं, हौसानं, चुलीपुढून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

राखण आमच्या तालुक्यात आली ती त्याच वर्षी, दिवाळीच्या आसपास. डॉक्टर मुजावर बाईंनी फोन करून सुयोगना बोलावलं. मीही गेलो. बाईंनी टेबलावर एक चकती ठेवली, शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी. दंडाच्या कातडीखाली बसवायची. तिचं कंपनीनं दिलेलं नाव लांबलचक होतं, पण सगळे तिला राखणच म्हणत.

बाईंना मी विचारलं, "माशी एकच, मला चावली तर मी चोळून सोडतो, यांना चावली तर जीव जातो. असं का?"

त्यांनी कागदावर एक गोल काढला. "काका, तुमच्या पेटीच्या दारात पहारेकरी माश्या असतात ना? शरीरातही तशा पेशी असतात. मास्ट पेशी. कातडीखाली, नाकात, फुप्फुसात, आतड्यात, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं बसलेल्या." मग गोलाच्या आत खूप ठिपके काढले. "प्रत्येकीच्या पोटात शेकडो बारीक पिशव्या. त्यांत हिस्टामिन नावाचं रसायन. पेशीच्या अंगावर बाहेरून कुसळांसारखी प्रतिपिंडं चिकटलेली असतात. सुयोगच्या पेशींवर माशीच्या विषाची कुसळं फार आहेत. विषाचा एक कण शेजारशेजारच्या दोन कुसळांना एकदम अडकला की पेशीला इशारा मिळतो. कॅल्शियम आत शिरतं आणि पिशव्या बाहेर रिकाम्या होतात."

"मग?"

"थोड्या रिकाम्या झाल्या तर खाज, सूज. ते चांगलंच असतं, मदत येते तिथं. पण सगळ्या अंगातल्या एकाच वेळी फुटल्या तर रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब खाली जातो, श्वासनळ्या आवळतात. हळदीच्या दिवशी झालं ते तेच."

"आनि मला का होत न्हाई?"

"तुम्ही हजारो चावे खाल्लेत. तुमच्या रक्तात दुसऱ्या जातीची प्रतिपिंडं झालीत. ती विषाला वाटेतच पकडतात, पेशीपर्यंत पोचू देत नाहीत. पण सगळ्यांचं अंग असं शिकत नाही. काहींचं उलटं शिकतं. प्रत्येक चाव्याला कुसळं वाढतात."

राखण काय करते तेही त्यांनी सांगितलं. कातडीखालच्या पाण्यात मास्ट पेशी फुटायला लागल्याची पहिली खूण तिला काही क्षणांत कळते. लगेच ती औषध सोडते, कॅल्शियमची वाट बंद होते आणि पेशी गप्प राहते. माणसाचं अंग कधी काठावर येतं हेही ती हळूहळू ओळखते. कारण तोच माणूस आणि तीच माशी, तरी रोज सारखं होत नाही. कडक ऊन, धावपळ, ताप, दारू, भीती, अंगदुखीच्या काही गोळ्या, यांनी पेशी आधीच फुटायच्या बेताला येतात. मग एरवी निभावला असता तो चावा निभावत नाही.

"एक लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या. "राखण कुसळं काढत नाही. पेशीचं तोंड दाबून धरते, एवढंच. राखण काढली की माणूस आधी होता तसाच. कदाचित जास्त नाजूक."

सोबत एक माहितीपत्रक होतं. त्यात हेच लाल अक्षरांत लिहिलं होतं. मी अक्षरं शिकलो साठाव्या वर्षी, ऋतुजानं ओट्यावर बसवून शिकवली. तो कागद मी घरी येऊन बोट ठेवून दोनदा वाचला. मला वाचता येत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

राखण बसवल्यावर आठ दिवसांनी सुयोग पहिल्यांदा ओढा ओलांडून पेट्यांकडं आले. ऋतुजा पुढं, मी मागं. त्यांनी स्वतःच पेटीचं झाकण उचललं. एक माशी अंगठ्यावर चावली. तिघंही त्या अंगठ्याकडं बघत उभे राहिलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. काटा टोचल्याची आग झाली म्हणाले, बाकी काही नाही. सूजसुद्धा नाही. ऋतुजा खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

"अगं, मी मेलो न्हाई. कशाला रडतीस?" सुयोग म्हणाले.

"गप बसा. लई शानं."

त्यानंतर दीड वर्ष आमच्या घरात सुख होतं, असं मी म्हणेन. पेट्या परत परसात आल्या. सुयोगचे हात यंत्राला सरावलेले, हलके आणि सावकाश. राणीमाशी शोधायला मला चष्मा लागायचा, ते तिला क्षणात दाखवायचे. चौकटी कशा धरायच्या, धूर किती द्यायचा, मेणाचा वास कसा बघायचा, सगळं उचललं. हौसा म्हणायची, "जावईबापू, तुमी आता आमच्या घरातल्यापरीस माश्यांत जास्ती राहता. जेवायला बी पेटीतच वाढू का?" ते म्हणायचे, "वाढा की. राणीच्या शेजारी ताट मांडा." मी त्यांना कधीपासून अरेतुरे करायला लागलो, ते मला आठवत नाही. हौसानं एकदा टोकलं, तर सुयोग म्हणाला, "असू द्या. मला बरं वाटतं."

२०४४ चा वैशाखही रिकामा गेला. राखण नवीन होती, गाव बघत होतं, माझीच हिंमत झाली नाही. आता एकच वर्ष उरलं होतं.

आमच्याकडे कड्यावर उतरण्याआधी हात द्यावा लागतो. घरातला जाणता माणूस उतरणाऱ्याच्या मनगटावर तीन माश्या ठेवतो आणि चावू देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसांत मनगट बघायचं. सुजलं असेल तर अजून वर्षभर पेट्या उघडायच्या. सुजलं नसेल, तर माशीनं मानलं. मग दोर मिळतो. हा रिवाज खुळा नाही. बाई म्हणाल्या तेच आमच्या जुन्या माणसांनी मनगटावर बघितलं होतं. ज्याचं अंग माशीला सरावलं त्याला सूज येत नाही.

माघात सुयोगनं हात दिला. मीच माश्या ठेवल्या. ऋतुजा दाराशी उभी होती. म्हणाली, "आबा, ह्याला काय अर्थ हाय? राखण अंगात असताना सूज येनारच न्हाई."

"राखण औषध देतीय, मान्य. पर सव्वा वर्स झालं रोज चावतात. अंग काय नुसतं बघत बसलंय? शिकलंच की."

"बाई काय म्हनल्या ते इसरलात?"

"बाईंनी माश्या किती पाळल्यात?"

सुयोग हसला. ऋतुजा हसली नाही.

सकाळी दत्तू, त्याचा थोरला, मी आणि हौसा असे ओट्यावर बसलो. सुयोगनं बाही वर केली. मनगट स्वच्छ. तीन काळे ठिपके, बाकी काही नाही. माझ्याही मनगटाला पहिल्या वेळी इतकी कमी खूण नव्हती. मी ते मनगट हातात धरून चौघांना दाखवलं आणि म्हणालो, "माशीनं मानलं." दत्तूनं मान हलवली. पारावर बोलला होता, म्हणून उठून सुयोगला मिठी मारली. सुयोगचा चेहरा तेव्हा कसा होता ते मला सांगता येणार नाही. लहानपणापासून दुसऱ्याच्या घरी राहिलेला माणूस तो.

मे महिन्याच्या चार तारखेला सुयोगची राखण काढली. औषधाची डबी संपत आली होती आणि टाक्याजवळ थोडा पू झाला होता. बाईंनी जुनी चकती कंपनीकडं धाडली. नवीन सोळा तारखेला बसवायची ठरली. मधले बारा दिवस माशीच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, उन्हात राबायचं नाही, अंगदुखीची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असं बजावलं. दोन तयार इंजेक्शनं दिली, पेनासारखी. मांडीत दाबायची. ऋतुजानं पेट्या परत ओढ्यापलीकडं नेल्या.

आठ तारखेला वनखात्याचा कागद आला. ताकमाळाच्या कड्यासाठी एकच दिवस, चौदा मे. त्या वर्षी कड्याच्या खालच्या रानात गिधाडांची घरटी होती, म्हणून तारीख बदलून मिळणार नव्हती. मी विचारून बघितलं होतं. नव्या राखणीला दोन दिवस कमी पडत होते.

ऋतुजा तेरा तारखेला साताऱ्याला निघाली. मध तपासण्याचं दोन दिवसांचं शिबिर होतं, तिचं नाव महिन्याआधीच लागलेलं. जाताना तिनं मला विचारलं, "कागद आला का?"

"यायचा हाय," मी म्हणालो.

कागद माझ्या कोपरीच्या खिशात होता.

ती गेल्यावर दुपारी सुयोग आणि मी दोर तपासत बसलो. माझं काही ठरलं नव्हतं. म्हणजे ठरलं होतं, पण मी ते बोललो नव्हतो. दोरच बाहेर काढला होता, म्हणजे बोलायचं काय राहिलं. सुयोगनं दोराची गाठ ओढून बघितली आणि मान वर न करता विचारलं, "मामा, राखण न्हाईये. उतरू का?"

मी त्याच्याकडं बघितलं. तो घाबरलेला नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. मी नको म्हणालो असतो तर तो दोर गुंडाळून उठला असता, कडा दत्तूकडं गेला असता, आणि त्याच्या मनाला थोडं लागलं असतं. बस एवढंच झालं असतं.

"उतर," मी म्हणालो. "तुझं मनगट मी ह्या हातानं धरून बघितलंय."

"रुतू रागावंल."

"मध बघून रागावनार न्हाई."

दोर ओढून त्याचा खांदा भरून आला होता. रात्री जेवताना तो खांदा चोळत होता. हौसानं माझ्या गुडघ्याच्या डबीतली एक गोळी काढून त्याला दिली, आणि सकाळी निघताना अजून एक. मी समोर बसलो होतो. मी काही बोललो नाही, कारण माझ्या ध्यानातच आलं नाही. हे मी डॉक्टर बाईंना सांगितलं तेव्हा गोळी मी दिली असं सांगितलं. हौसाला वाचता येत नाही, म्हणून इथं खरं लिहितो.

चौदा तारखेला उजाडायच्या सुमारास आम्ही कड्यावर पोचलो. मी, सुयोग, दत्तू आणि त्याचा थोरला मुलगा. चढ दीड तासाचा. सुयोगच्या पाठीवर दोर आणि बादली होती. वर पोचला तेव्हा घामानं भिजला होता. त्या दिवशी सकाळपासूनच उकडत होतं. अंजनीच्या झाडाला दोराचा फेरा घातला आणि टोक माझ्या कमरेला बांधलं. सुयोगनं जाड कोट चढवला, तोंडावर जाळी ओढली. मग खिशातलं इंजेक्शन काढून माझ्या हातात दिलं.

"मामा, हे वर असू दे. खाली हात मोकळे नसतात. पडलं बिडलं तर गेलं."

"दुसरं कुठाय?"

"घरात फळीवर. एक बास."

मी ते खिशात घातलं. तो कड्याच्या कडेला पाठमोरा झाला, पाय टेकवले, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "सोडा हळूहळू." मी दोर सोडायला लागलो. साठ फूट गेल्यावर तीन झटके आले, म्हणजे पोळ्याशी पोचला. खालून ओल्या पाल्याचा धूर वर यायला लागला. मग आग्या माश्या उठल्या. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल, जमीन गुणगुणते तसा. बांबूच्या कोयत्यानं तो कापत होता. पहिली बादली भरली, दत्तूच्या मुलानं दुसऱ्या दोरानं ओढून घेतली. आत पिवळंधमक पोळं, मध गळत होता. दत्तू म्हणाला, "कोंडीराम, जावई हाय बाबा." मला अभिमान वाटला. तो क्षण होता हे मी लपवत नाही.

"चावल्या का रं?" मी खाली ओरडलो.

"पाच-सहा. मनगटात शिरल्या."

"आग होतीय का?"

"होतीय. निभतंय."

थोड्या वेळानं तो म्हणाला, आवाज बदललेला, "मामा, तळहात खाजतोय. दोन्ही."

तळहातांना माश्या चावल्या नव्हत्या. हातांत मोजे होते. मला त्या क्षणी सगळं कळलं, बाईंचा कागदावरचा गोल, त्यातले ठिपके, सगळं.

"वर ये. सोड ते. वर ये."

"अर्धं राहिलंय की."

"सुयोग, वर ये."

आम्ही तिघांनी ओढायला सुरुवात केली. आधी तो पाय टेकवत होता, दोर हलका लागत होता. मग पाय टेकवणं थांबलं आणि सगळा भार दोरावर आला. माझ्या खिशात इंजेक्शन होतं आणि दोन्ही हात दोरावर. साठ फूट चढवायला किती लागतं ते मी एकतीस वर्षं दुसऱ्या टोकाला लटकून बघितलं होतं. त्या दिवशी या टोकाला बघितलं. दत्तू रडत ओढत होता. अकरा मिनिटं लागली, हे नंतर दत्तूच्या मुलानं सांगितलं, त्याच्या घड्याळात बघून.

जाळी काढली तर चेहरा ओळखू येत नव्हता. मी मांडीत इंजेक्शन दाबलं, दहा अंक मोजले. दोन मिनिटांत श्वास मोकळा झाला. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "पोळं राहिलं." आम्हाला वाटलं वाचला. दत्तूच्या मुलानं त्याला पाठीवर घेतलं आणि उतरायला लागलो. अर्ध्या वाटेवर पुन्हा शिट्टी लागली. माझा गुडघा लंगडत होता, मी मागं पडलो. दत्तू पुढं धावला, घराकडं, फळीकडं. मी गावाच्या वेशीशी पोचलो तेव्हा हौसा रस्त्यात बसली होती, त्याचं डोकं मांडीवर घेऊन, आणि दुसरं इंजेक्शन रिकामं तिच्या हातात होतं.

ऋतुजा दुपारी आली. कोणी सांगायची गरज राहिली नव्हती. ओट्यावर बसून तिनं मला एकच विचारलं, "त्यांनी तुमाला विचारलं व्हतं का?"

"व्हय."

"काय विचारलं?"

"उतरू का म्हनून."

"आनि तुमी?"

"उतर म्हनालो."

ती उठून आत गेली. त्यानंतर ती मला जेवायला वाढते, औषध आणून देते, गुडघ्याला तेल चोळून देते. बोलत नाही.

पंधरा दिवसांनी मुजावर बाई स्वतः घरी आल्या. कंपनीनं जुनी राखण उघडून तिच्यातली नोंद पाठवली होती. बाईंच्या हातात छापलेला कागद होता. त्या म्हणाल्या, "काका, हे तुम्हाला दाखवावं की नाही, मी विचार करत होते." मी म्हणालो, दाखवा. त्यावर दीड वर्षाची रेघ होती. पेशी किती वेळा फुटायला निघाल्या आणि राखणीनं किती औषध सोडलं, त्याची. रेघ सुरुवातीला बुटकी होती. मग प्रत्येक महिन्याला थोडी वर. सगळ्यांत उंच टोक एका तारखेवर होतं. मी चष्मा लावून तारीख वाचली. माघातला दिवस. त्या दिवशी राखणीनं एरवीच्या बारा पट औषध सोडलं होतं. आम्ही चौघं ज्या मनगटाकडं बघून समाधानानं चहा प्यायलो, त्या मनगटामागं राखण रात्रभर त्याचा जीव धरून बसली होती.

"दीड वर्षात कुसळं वाढत गेली," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यात चढ, ऊन, ती गोळी. मी सांगितलं होतं ना, काका."

"सांगितलं व्हतं. मी वाचलं बी व्हतं."

कागदाची घडी घालून त्या उठल्या. चहा झाला नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहून हात देण्याचा रिवाज बंद करा असं सांगितलं. गावात आता सात जणांच्या दंडात राखण आहे. त्यांची मनगटं बघून काही कळत नाही, माझ्या जावयाचं बघून मलाही कळलं नाही, एवढंच बोललो. दत्तूनं पाठिंबा दिला. कडा नियमानं आमच्याकडंच राहिला, कारण त्या वैशाखात आमच्या घरातला माणूस उतरला होता. दत्तूनं तो मागितला नाही. मी त्याला घे म्हणालो तर तो नको म्हणाला.

सुयोगच्या मामांना कराडला मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, या कागदावर आहे तसं, गोळीचं सोडून. ते म्हणाले, "तुमच्या घरी तो खुश व्हता. फोनवर सांगायचा." मी त्यांच्याकडं दोन तास बसलो आणि परत आलो.

माझा जावई सुयोग चौदा मे २०४५ रोजी, सोमवार की रविवार ते मला आठवत नाही, सकाळी सव्वानऊच्या सुमारास कारवटच्या वेशीवर वारला. आग्या माशीच्या सहा चाव्यांनी. त्याचं वय एकोणतीस होतं. दोर मी धरला होता.